दोन फरश्यांचं वळण

टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता सार्वजनिक सफाई असायची. सफाई ऐच्छिक होती. जे येत नसत त्यांच्या घरांचे क्रमांक सोमवारी पत्रपेट्यांशेजारच्या फलकावर लागत.

पहिल्याच महिन्यात आमचा क्रमांक लागला. नवऱ्याने तो पाहिला आणि घरी येऊन सांगितलं, "खाली आपला नंबर लागलाय. कसली तरी सोडत असावी." दुसऱ्या महिन्यात पुन्हा लागला तेव्हा मी शब्दकोश घेऊन खाली गेले आणि फलक पूर्ण वाचला. तिसऱ्या महिन्यापासून आम्ही आठ वाजता खाली असायचो.

नवं शतक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरची माणसं जपानी कंपन्यांच्या कंत्राटांवर येत होती आणि त्यातली बरीचशी ओजिमाच्या या सरकारी घरांमध्ये राहत होती, कारण इथे जामीनदार मागत नसत. आमच्या इमारतीत अशी सहा जोडपी होती. मी पुण्यात एका दैनिकात सात वर्षं उपसंपादक होते. नवऱ्याबरोबर इथे आले तेव्हा माझ्या व्हिसाच्या रकान्यात जो शब्द होता त्याचा सर्वांत जवळचा मराठी शब्द 'आश्रित' असा होतो.

सफाईचं नेतृत्व हान्चो-सान करायच्या. हान्चो म्हणजे गटप्रमुख, 'सान' हे आदरार्थी. त्या त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि जपानी नव्हत्या. त्या युगोस्लाव्हियाच्या. तो देश तोवर नकाशावरून गेला होता, त्यामुळे तुम्ही कुठच्या असं कुणी विचारलं की त्या आधी कोणत्या सालाबद्दल विचारताय ते स्पष्ट करून घ्यायच्या. जहाजावरच्या एका जपानी इंजिनिअरशी लग्न करून त्या चाळीस वर्षांपूर्वी टोकियोत आल्या होत्या. तो वारल्याला दहा वर्षं झाली होती. तेव्हापासून सफाई त्यांच्याकडे होती.

त्यांच्या गळ्यात पितळी शिट्टी असायची. झाडू, खुरपी आणि फावडी उंचीप्रमाणे ओळीत लावलेली असायची. ही पद्धत जपानी असावी असं आम्ही समजत होतो. ती जपानी नव्हती. महायुद्ध संपल्यावर दोन वर्षांनी, सतरा वर्षांच्या असताना, हान्चो-सान त्यांच्या देशात एक रेल्वेमार्ग बांधायला गेल्या होत्या. हजारो मुलंमुली गेली होती. पगार नव्हता. फावडं आणि टोपी मिळाली होती.

"सक्ती होती?" मी विचारलं. हा प्रश्न सवयीने येतो.

"मुळीच नाही. स्वेच्छेने गेलो. आमचा अख्खा वर्ग गेला. मी गेले नसते तर वर्गात एकटी बसले असते, आणि शिक्षकही गेले होते."

त्या अडीच महिन्यांबद्दल त्या काल घडल्यासारखं बोलायच्या. सकाळी झेंडा, दिवसभर खोदकाम, संध्याकाळी कोणत्या तुकडीने ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त काम केलं ते भिंतीवर लावायचं. त्यांच्या तुकडीला 'उदार्निक' ही पदवी मिळाली होती, म्हणजे कामात सगळ्यांच्या पुढे असणारे. त्याचं छोटं पितळी पदक होतं. कुदळ, रूळ आणि तारा. सफाईच्या दिवशी ते त्यांच्या अ‍ॅप्रनवर असायचं.

"आमच्या तुकडीने कधी चूक केली नाही," असं त्या दर महिन्याला एकदा तरी सांगायच्या, सहसा माझ्या नवऱ्याकडे बघून.

त्या वर्षी रहिवासी समितीच्या सभेत अध्यक्ष उभे राहिले. अध्यक्ष ऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. ते म्हणाले, "हान्चो-सान, इतकी वर्षं आपण फार कष्ट घेतलेत. आता आपण विश्रांती घ्यावी असं सगळ्यांना वाटतं. येत्या वसंतापासून सफाई एका कंपनीकडे द्यावी, असा विचार आहे. इमारतीत आता तरुण माणसं उरलेली नाहीत."

जपानीत हे निरोपाचं बोलणं असतं. त्याला उत्तर नसतं, फक्त वाकायचं असतं. हान्चो-सान वाकल्या नाहीत.

"तरुण माणसं बारा आहेत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मागच्या रांगेकडे बोट दाखवलं.

मागच्या रांगेत आम्ही होतो. माझा नवरा मोबाइलवर काहीतरी वाचत होता. त्याचं वय सदतीस होतं आणि आदल्याच महिन्यात डॉक्टरांनी त्याला पोटाचा घेर कमी करायला सांगितलं होतं. आपल्याकडे बोट झालंय हे लक्षात आल्यावर तो सौजन्याने वाकला. सभेने याचा अर्थ होकार असा घेतला.

मग हान्चो-सानांनी प्रस्ताव मांडला. इमारतीच्या मागे जिन्यापासून स्टेशनकडच्या फाटकापर्यंत चाळीस मीटरची चिखलाची पायवाट होती. ती पक्की करायला घरांच्या कार्यालयाने दोनदा नकार दिला होता. सायकल शेडमागे मात्र जुन्या बागेतल्या चारशे वीस काँक्रीटच्या फरश्या पडून होत्या. "हा रस्ता आम्ही करतो. शरद ऋतूच्या तपासणीआधी. झाला तर सफाई आमच्याकडे राहील. नाही झाला तर मी शिट्टी परत करते."

अध्यक्षांनी हे लिहून घेतलं. कार्यालयाने आपली अट घातली. आधी आराखडा द्यायचा, काम आराखड्याप्रमाणे व्हायला हवं, नाहीतर फरश्या उचलून जमीन पूर्ववत करून द्यायची. आमच्यासमोर सहा रविवार होते.

रस्ता कसा करायचा हे आम्हा बाराजणांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. प्रकल्प कसा करायचा हे सहा जणांना माहीत होतं. नवऱ्याने एक्सेलमध्ये आराखडा काढला. एक चौकोन म्हणजे एक फरशी. तीन फरश्या रुंदी, एकशे चौतीस ओळी लांबी, इमारतीच्या भिंतीपासून एकशेवीस सेंटिमीटर अंतर. जपानी कार्यालयात सगळंच एक्सेलमध्ये काढतात, त्यामुळे मंजुरी तीन दिवसांत आली.

पहिल्या रविवारी आठ वाजता शिट्टी वाजली आणि पुरुषांनी गोल करून बैठक सुरू केली. जबाबदाऱ्या, धोके, अवलंबित्व. साडेआठ झाले. सहांपैकी एक डोंबिवलीचा होता, त्याला सगळे डोंबिवलीकर म्हणत. त्याच्या बायकोने बाह्या सरसावल्या. ती पहाटे डबे भरायच्या कारखान्यात अर्धवेळ काम करायची आणि तिला उभं राहून वेळ घालवायची सवय नव्हती.

"अहो, मीटिंग संपली की हाक मारा," ती म्हणाली. "तोवर आम्ही फरश्या आणून ठेवतो."

"थांबा ना वहिनी, आधी कुणी काय करायचं ते ठरू दे," माझा नवरा म्हणाला.

"मी काय करतेय ते दिसतंय की."

एक फरशी तेरा किलोची होती. मी घरच्या वजनकाट्यावर ठेवून पाहिली. बैठक संपली तेव्हा आम्ही सहा बायकांनी साठ फरश्या वाहून आणल्या होत्या आणि पुरुषांनी एक निर्णय घेतला होता. दोन गट करायचे आणि दोन्ही टोकांकडून एकाच वेळी काम सुरू करायचं, म्हणजे निम्म्या वेळात मध्यावर भेटता येईल. जिन्याकडून पुणे गट, प्रमुख माझा नवरा. फाटकाकडून मुंबई गट, प्रमुख डोंबिवलीकर.

"डोंबिवली मुंबईत कधी आली?" नवऱ्याने विचारलं.

"तुमचं हिंजवडी पुण्यात आलं त्याच दिवशी," डोंबिवलीकर म्हणाला. "आणि वहिनी, लिहून ठेवा, आम्ही आधी मध्यावर येणार. पुण्याच्या लोकांना रस्ता खोदायची सवय असते, बुजवायची नसते."

"तुमच्याकडे तर फुटपाथ असतो म्हणे. कुणी पाहिलाय?"

हान्चो-सानांना शब्द कळले नाहीत, सूर कळला. त्या अतिशय खूश झाल्या. दोन गटांत वैर असल्याशिवाय काम होत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांनी लगेच भिंतीवरचं वर्तमानपत्र जाहीर केलं. त्यांच्या रेल्वेवर तसं असायचं. आणि संपादक म्हणून माझी नेमणूक केली. सात वर्षांच्या नोकरीत मला उपसंपादकाच्या वर बढती मिळाली नव्हती.

अंक दर रविवारी संध्याकाळी एका मोठ्या कागदावर निघायचा. जपानी, इंग्रजी आणि मराठी असे तीन रकाने. कोणत्या गटाने किती ओळी टाकल्या, कोण उशिरा आलं, कोण पाणी प्यायला गेलं आणि किती वेळ प्यायलं. जपानी मजकूर मी शब्दकोश घेऊन लिहायचे. सोमवारी सकाळी मी फलक पाहायला गेले की चुकीच्या अक्षरांखाली पेन्सिलीची बारीक खूण असायची आणि समासात योग्य अक्षर. सही नसायची. इमारतीत मुद्रितशोधक एकच होते. एक माणूस आपला अंक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो, हे मला पुण्यात कधी खात्रीने म्हणता आलं नव्हतं.

कामाला गाणं हवं, हाही हान्चो-सानांचा आग्रह होता. त्यांनी त्यांच्या तुकडीचं गाणं म्हणून दाखवलं आणि आमचं मागितलं. बाराही जणांना शेवटपर्यंत येणारं एकच निघालं, ते म्हणजे गणपतीची आरती. वाळू ठोकून बसवायला तिचा ठेका अचूक निघाला. दुसऱ्या रविवारपासून ओजिमात सकाळी नऊ वाजता आरती व्हायची आणि गॅलऱ्यांमधून म्हातारी माणसं रेलून ऐकायची. शेवटी टाळ्यांच्या जागी दोघांच्या हातात फरश्या होत्या, त्यामुळे एकदा पाय थोडक्यात वाचले. पुढच्या अंकात मी सूचना छापली: टाळ्या मनात वाजवाव्यात.

तिसऱ्या रविवारी मुंबई गटाच्या वाटेत एक झाड आलं. अध्यक्षांनी लावलेलं कॅमेलियाचं झाड. ते हलवायचं का, असं अध्यक्षांना जाऊन विचारायची कुणाची तयारी नव्हती. डोंबिवलीकराने आपली ओळ, आधी टाकलेल्या फरश्यांसकट, दोन फरश्या बाहेर घेतली, म्हणजे भिंतीपासून एकशेऐंशी सेंटिमीटर. आराखड्यात तसा बदल केला आणि फाइल सगळ्यांना पाठवली. तिचं नाव होतं 'रस्ता फायनल दोन लेटेस्ट'.

माझ्या नवऱ्याला ती मिळाली. त्याने ती उघडली नाही, कारण 'रस्ता फायनल' ही फाइल त्याने आधीच छापून ऑफिसात लॅमिनेट करून घेतली होती. लॅमिनेट केलेल्या कागदात बदल होत नाहीत, त्यासाठीच तो लॅमिनेट करतात.

त्या आठवड्याच्या माझ्या अंकात हे सगळं होतं. पुणे गट: अकरा ओळी, भिंतीपासून १२० सेंटिमीटर. त्याखाली तीन ओळींवर: मुंबई गट: बारा ओळी, झाड वाचवण्यासाठी भिंतीपासून १८०. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या आणि मी दोन्ही स्वतः टेपने मोजून घेतल्या होत्या. दोन्हींच्या मधल्या ओळीत अध्यक्षांनी एक अक्षर दुरुस्तही केलं होतं. अंक आठवडाभर फलकावर होता. बारा जणांनी आपापल्या गटाची बातमी वाचली.

दोन्ही गटांना एकमेकांचं टोक दिसत नव्हतं. वाटेच्या मध्यावर झुडपांची माणसाएवढी उंच जाळी होती, आणि ती काढायला कार्यालयाची वेगळी परवानगी लागत होती. परवानगी शेवटच्या आठवड्यात आली. तपासणी सोमवारी सकाळी दहाला होती. रविवारी सकाळी आठला आम्ही जाळी तोडायला घेतली. दहा वाजता ती बाजूला झाली आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा दोन्ही गटांनी एकमेकांचं काम पाहिलं.

पुण्याचा रस्ता सरळ होता. मुंबईचा रस्ता सरळ होता. दोन्ही एकमेकांच्या शेजारून जात होते.

डोंबिवलीकराने पुण्याच्या शेवटच्या फरशीवर उभं राहून पुढे पाऊल टाकलं आणि ते चिखलात गेलं. मी टेप लावला. साठ सेंटिमीटर, बरोबर दोन फरश्या.

"मी मेल केला होता," डोंबिवलीकर म्हणाला.

"कधी?"

"एकवीस दिवसांपूर्वी. फायनल दोन लेटेस्ट."

"फायनल म्हटल्यावर दोन कशाला येईल?"

"आणि दोन म्हटल्यावर पहिलं लॅमिनेट कोण करतं?"

डोंबिवलीकराची बायको फरश्यांच्या ढिगावर बसली. "तुम्ही ऑफिसातही असंच करता का हो?" तिने विचारलं. तिला खरंच माहिती हवी होती. मग नवऱ्याने सुचवलं की आधी चुकीचं मूळ कारण शोधावं, 'असं का झालं' हा प्रश्न एकामागोमाग पाच वेळा विचारावा, जपानी कारखान्यांत तसं करतात. तिसऱ्या 'का'ला सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण दोन्ही आकडे अंकात छापलेले होते. बातमी देणं माझं काम होतं, असं मी म्हणाले. ते खरं होतं. त्याचा उपयोग मात्र कुणाला झाला नाही.

हे सगळं मराठीत चाललं होतं. हान्चो-सान मध्यावर उभ्या होत्या, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघत. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. सगळा रस्ता उचलून नवा टाकायला दोन रविवार लागले असते. चोवीस तास उरले होते. दोन अर्धे रस्ते असेच शेजारी-शेजारी ठेवून तपासणी झाली असती, तर फरश्या उचलाव्या लागल्या असत्या आणि शिट्टी अध्यक्षांकडे गेली असती. त्यांनी गळ्यातली शिट्टी हातात धरली होती. ती वाजवायला धरल्यासारखी वाटत नव्हती.

मग त्या फरश्यांच्या ढिगावर डोंबिवलीकराच्या बायकोशेजारी बसल्या आणि अ‍ॅप्रनवरचं पदक काढून तिच्या हातात दिलं.

"हे कशाबद्दल मिळालं ते मी सांगितलंय?"

"जास्त काम केल्याबद्दल," मी म्हणाले.

"वळणाबद्दल," त्या म्हणाल्या.

दरीवर भराव टाकायचा होता. त्यांची तुकडी एका बाजूने, दुसरी तुकडी दुसऱ्या बाजूने. दोन्ही तुकड्यांत इतकं वैर की कुणी पलीकडे पाहायला जात नसे. पलीकडे गेलेला माणूस काम चुकवतोय असं भिंतीवर लागायचं. दोन्ही भराव मध्ये आले तेव्हा एकमेकांपासून हातभर लांब होते.

"आमचा कमांडर एकोणीस वर्षांचा होता. त्याने दोन्ही टोकं पाहिली आणि तो चुन्यासारखा पांढरा पडला. तेव्हा अशा चुकीला चूक म्हणत नसत. मुद्दाम केलेलं नुकसान म्हणत. त्याला शिक्षा होती."

"मग?"

"मग आम्ही वळण काढलं. मोठे पाहुणे आले. म्हणाले, वा, सरळ रस्ता कुणीही करेल, वळण अवघड असतं. दोन्ही तुकड्यांना पदकं मिळाली. पुढे नवऱ्याला दाखवायला घेऊन गेले. तिथे गाडी आली की हळू होते. तो इंजिनिअर माणूस. म्हणाला, इथे वळणाचं काही कारण दिसत नाही. मी म्हटलं, निसर्ग बघता यावा म्हणून आहे."

माझा नवरा थोडा दुखावला होता. "पण हान्चो-सान, तुम्ही सहा आठवडे सांगत होतात, तुमच्या तुकडीने कधी चूक केली नाही."

"हे आधी सांगितलं असतं तर तुम्ही हीच चूक पहिल्या आठवड्यात केली असती."

त्या उठल्या आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

यानंतरचं काम सहा रविवारांतलं सर्वांत चांगलं काम होतं, कारण बैठक झाली नाही. दोन्हीकडच्या शेवटच्या सहा-सहा ओळी उचलायच्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा पाच सेंटिमीटर सरकवायची, बारा ओळींत साठ सेंटिमीटर. हा हिशेब नवऱ्याने आणि डोंबिवलीकराने एकाच वेळी केला आणि एकच उत्तर आलं, याचं दोघांना आश्चर्य वाटलं. छत्तीस फरश्या. कडेला दातऱ्या पडल्या त्यांत बायकांनी खडी भरली. आरती साडेतीन वेळा झाली. दुपारी तीन वाजता जिन्यापासून फाटकापर्यंत पायाला चिखल न लागता जाता येत होतं. मध्यावर रस्ता थोडा डावीकडे जायचा आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा सरळ व्हायचा.

"संपादक," हान्चो-सान मला म्हणाल्या, "शेवटचा अंक काढ. लिही, सायकलस्वारांच्या सुरक्षेसाठी मुद्दाम वळण घेण्यात आलं आहे."

"मुद्दाम घेतलेलं नाही."

"घेतलं की. सकाळी अकरा वाजता मुद्दाम घेतलं. मी तिथे होते."

"पण सायकलींसाठी घेतलेलं नाही. आणि तिथे सायकली हळू होतात की नाही, हेही मला माहीत नाही."

"मग बघ ना."

आम्ही पाहिलं. डोंबिवलीकराने आपली सायकल काढली. मी वळणापाशी घड्याळ घेऊन उभी राहिले. तो पाच वेळा गेला आणि पाचही वेळा हळू झाला. सहाव्या वेळी त्याने न थांबता जाऊन दाखवायचं ठरवलं आणि तो कॅमेलियाच्या झाडात गेला. ज्या झाडाला वाचवण्यासाठी त्याने ओळ हलवली होती, तेच झाड. झाडाला काही झालं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मी अंक लिहिला. मथळ्याखाली तीन वाक्यं. रस्ता पूर्ण झाला. मध्यभागी वळण आहे. वळणावर सायकली हळू होतात. चूक झाली, हे मी लिहिलं नाही. चूक झाली नाही, हेही लिहिलं नाही. वृत्तपत्रात काम केलेल्या माणसाला या दोन गोष्टींमधली जागा ओळखीची असते. तिथे फार काळ उभं राहू नये, एवढंच.

सोमवारी सकाळी सात वाजता मी कचरा टाकायला खाली उतरले तेव्हा अध्यक्ष फलकासमोर उभे होते. त्यांच्या हातात पेन्सिल होती. त्यांनी अंक वाचला, मग मागच्या दाराने जाऊन रस्ता पाहिला, कॅमेलियाची फांदी सरळ केली, परत आले आणि अंक पुन्हा वाचला. तिसऱ्या वाक्यापाशी पेन्सिल बराच वेळ थांबली. मला वाटलं, आता समासात खरं कारण लिहितात. त्यांनी 'वळण' या अर्थाच्या जपानी अक्षरातली एक रेघ लांब केली आणि मला नमस्कार करून वर गेले.

दहा वाजता कार्यालयाचा अधिकारी आला. पंचविशीतला, राखाडी गणवेश, डोक्यावर शिरस्त्राण, जणू वरून काही पडणार होतं. मी, हान्चो-सान, अध्यक्ष आणि रजा घेतलेला डोंबिवलीकर, त्याच्या गालावर तीन ओरखडे. अधिकाऱ्याने आराखडा उघडला. फरश्या हलवून पाहिल्या. रुंदी मोजली. मग मध्यावर येऊन थांबला. कागदाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, कागद फिरवून पुन्हा जमिनीकडे पाहिलं.

"आराखड्यात हा भाग सरळ आहे," तो म्हणाला.

हान्चो-सानांनी तोंड उघडलं. अध्यक्ष त्यांच्या आधी बोलले. "फलकावर अहवाल लावलेला आहे. आपण पाहून घ्यावा."

अधिकारी फलकापाशी गेला आणि तीन वाक्यं वाचून काढली. पहिल्याखाली दुसरं, दुसऱ्याखाली तिसरं. मग त्याचा चेहरा मोकळा झाला. त्याने पाटीवरचा फॉर्म काढला, शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, आणि लिहिता लिहिता ते मोठ्याने म्हणाला: "सायकली हळू व्हाव्यात म्हणून रहिवाशांनी मध्यभागी वळण दिले आहे. योग्य."

माझ्या तिन्ही वाक्यांत कुठेही 'म्हणून' नव्हतं. ते त्याने घातलं. मी त्याला दुरुस्त करायला हवं होतं का, हा प्रश्न मी नंतर दोन जुन्या सहकाऱ्यांना ईमेलने विचारला. एक म्हणाला, हो. दुसऱ्याने रस्त्याचा फोटो मागवला.

अधिकाऱ्याने शिक्का मारला. जाताना त्याने सायकल काढली, फाटकाकडे निघाला आणि वळणावर हळू झाला.

हान्चो-सान अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या. शिट्टी त्यांच्या गळ्यात होती. अध्यक्षांनी सभेत म्हटलेलं वाक्य पुन्हा म्हटलं, "हान्चो-सान, इतकी वर्षं आपण फार कष्ट घेतलेत," आणि पुढे विश्रांतीचं काही न म्हणता म्हणाले, "पुढच्या महिन्यात गटार बघायला हवं."

या वेळी त्या वाकल्या. सहा आठवड्यांच्या खोदकामानंतर पाठ सरळ करायला मात्र त्यांना माझा हात धरावा लागला.

पदक डोंबिवलीकराच्या बायकोच्या हातात राहिलं होतं. ती परत द्यायला गेली तेव्हा हान्चो-सान म्हणाल्या, "ठेव. साठ फरश्या बैठक संपायच्या आधी आणल्या होत्यास." ती म्हणाली, आम्ही सहाजणींनी आणल्या. मग सहा घरांत महिना-महिना ठेवायचं ठरलं. आमची पाळी पहिली आली आणि ते पदक फ्रिजवर कचऱ्याच्या वेळापत्रकाला टोचलेलं होतं.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता शिट्टी वाजली. नवरा पांघरुणात होता. ती पुन्हा वाजली.

"या बाईंना कायम केलं तरी कुणी?" तो म्हणाला.

"तूच. सभेत वाकलास."

तो उठला, फावडं घेतलं, दारापर्यंत गेला आणि परत येऊन विचारलं, "गटाराचा आराखडा कुणी काढलाय?"

मी त्याला सांगितलं की अजून कुणीच नाही, आणि लॅमिनेटच्या कागदांचं पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं.